ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येणार, साहेब? : कारागृहातल्या पदवी शिक्षणाबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
कारागृहांत पदवीचं शिक्षण कसं चालावं हे ज्यांच्या सहीनं ठरतं ते अधिकारी, मुक्त शिक्षणाची केंद्रं चालवणारे प्राध्यापक आणि पुण्यातल्या महाविद्यालयांचे प्राचार्य यांस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात मला एक आंतरदेशीय पत्र आलं. वर कारागृहाच्या तपासणीचा शिक्का, आत निळ्या शाईतलं मुंगीएवढं अक्षर. जागा पुरावी म्हणून समाससुद्धा सोडलेला नव्हता. लिहिणारा जन्मठेप भोगतोय आणि बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. चार ओळी तब्येतीच्या, एक ओळ माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी, आणि मग हे: "अभ्यासकेंद्र या वर्षीपासून ऑनलाइन झालं. म्हणजे आमच्यासाठी बंद झालं. फॉर्म मोबाइलवर भरायचा आहे. गुरुजी म्हणतात, घरच्यांना सांग. माझ्या घरचं कोणी येत नाही हे तुला ठाऊक आहे. तीन पेपर राहिलेत."

त्या कारागृहाचं नाव मी इथे लिहिणार नाही, विद्यापीठाचंही नाही. नाव लिहिलं की चौकशी केंद्राची होत नाही, पत्र कुणी बाहेर पाठवलं याची होते. मी तिथे राहिलेलो आहे, त्यामुळे एवढं कळतं. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांना तो आपलाच आहे हे वाचताक्षणी समजेल.

आता मी कोण ते सांगतो. मी येरवड्यात, जेल रोडला राहतो. पुण्यात "येरवड्याला पाठवीन" या धमकीचे दोन अर्थ होतात: एक वेड्यांचं इस्पितळ, दुसरा जेल. इतर पेठांतल्या पोरांना ती धमकी लांबची वाटायची. आम्ही दोन्ही भिंतींच्या मधोमधच क्रिकेट खेळायचो. प्रत्यक्षात मी आत गेलो ते मात्र दुसऱ्या जिल्ह्यात. २०११ साली, एकवीस वर्षांचा असताना, एका वरातीत भांडण झालं आणि माझ्या हातून एक मुलगा मेला. हे वाक्य असं सरळ लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली. आधी मी "ती घटना घडली" असं म्हणायचो, जणू पाऊस पडला. सदोष मनुष्यवध, दहा वर्षं सक्तमजुरी. माफीचे दिवस वजा होऊन २०१९च्या अखेरीस बाहेर आलो. येताना माझ्या पिशवीत दोन शर्ट, साठवलेली मजुरी आणि बीएची गुणपत्रिका होती. आज मी अप्पा बळवंत चौकाजवळ एका बाइंडिंगच्या दुकानात काम करतो. त्या गुणपत्रिकेच्या जोरावर बाहेरून समाजशास्त्रात एमएही केलं.

शिकून मी चांगला माणूस झालो असा दावा करण्यासाठी हे पत्र नाही. ते ज्यांनी ठरवायचं ते ठरवतील. आत शिकताना प्रत्यक्षात काय होतं, एवढंच सांगतो, कारण निर्णय घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते पाहिलेलं असणार.

पहिली तीन वर्षं मी कच्चा कैदी होतो, म्हणजे खटला अजून चालू होता, आणि त्या तीन वर्षांत मला कुणीही एक अक्षर शिकवलं नाही. पक्का झाल्यावर जेलच्या गुरुजींनी १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरून घेतला आणि मी बारावी झालो. मग बीए. दर रविवारी गावातल्या कॉलेजचे एक सर गेटवर झडती देऊन आत यायचे. आम्ही नऊ जण. पहिल्या स्वाध्यायात मी लिहिलं होतं: "सदर समाजात सदर प्रथा प्रचलित असल्याचे दिसून येते." सरांनी दोन्ही "सदर" लाल पेनानं कापले आणि शेजारी लिहिलं, "आपण पोलीस नाही." आम्हा सगळ्यांचं लिहिणं तसंच होतं. आयुष्यात आमच्याबद्दल जे काही लिहिलं गेलं ते पंचनाम्याच्या भाषेत, तेव्हा आम्हाला तीच एक लिखाणाची भाषा येत होती. "मला वाटतं" या दोन शब्दांनी वाक्य सुरू करायला मला एक सत्र लागलं.

अभ्यास रात्री. संध्याकाळी बराक बंद झाली की टीव्ही, नमाज, भजन, भांडणं, सगळं एकाच खोलीत चालतं. साडेदहानंतर जरा शांत होतं. बराकीतला दिवा रात्रभर जळतो, तो विझवायची सोयच नाही. लोक तोंडावर टॉवेल घेऊन झोपतात. त्या दिव्याला सगळ्यांनी शिव्या दिल्या. मी त्याच्याखाली ब्लँकेटची घडी मांडीवर घेऊन तीन वर्षं लिहिलं.

आणि एक गोष्ट. माझ्या खटल्याचा निकाल इंग्रजीत होता, ६१ पानं. माझी पुढची दहा वर्षं त्या पानांत होती आणि मला ती वाचता येत नव्हती. कोर्टात आरोपी मागे उभा असतो, वकील न्यायाधीशांकडे तोंड करून बोलतात, अर्धं ऐकूच येत नाही. बीएच्या पहिल्या वर्षाचा इंग्रजीचा पेपर दिल्यानंतर शब्दकोश घेऊन मी ती पानं वाचायला बसलो. दिवसाला एक पान. एकोणिसाव्या पानावर मेलेल्या मुलाच्या वडिलांची साक्ष होती. मुलगा त्या वर्षी बारावीला बसणार होता. त्याचा परीक्षेचा फॉर्म भरून झाला होता.

मी तेव्हा नुकताच बारावी झालो होतो. त्यानंतर काही आठवडे मी वर्गात गेलो नाही. सरांनी काही विचारलं नाही, फक्त पुढच्या रविवारी माझ्यासाठी एक कोरी वही ठेवून गेले.

त्या मुलाच्या घरच्यांनी हे पत्र वाचलं आणि त्यांचा संताप झाला, तर तो त्यांचा हक्क आहे. त्यांना उत्तर द्यायची माझी पात्रता नाही. इतरांच्या आक्षेपाला मात्र उत्तर देतो, कारण तो मी रोज ऐकतो. आमच्या शेजारच्या काकूंनी मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी पाटल्या गहाण ठेवल्या. त्या एकदा मला म्हणाल्या, "तुझं बरं आहे बाबा, सरकारनं फुकटात शिकवलं." मला काही बोलता आलं नाही. तिच्या प्रोजेक्टची बाइंडिंग मी दर वर्षी फुकट करून देतो, पण ते काही उत्तर नव्हे.

काकूंचं हेच वाक्य अमेरिकेत एकदा कायदा झालं होतं. एमएच्या प्रकल्पासाठी मी ते सगळं वाचलं. तिथे गरीब विद्यार्थ्यांना मिळणारं पेल अनुदान कैद्यांनाही मिळत असे आणि त्यावर तुरुंगांतले कॉलेजचे वर्ग चालत. आमची प्रामाणिक मुलं कर्ज काढतात आणि गुन्हेगारांना फुकट पदवी, असं म्हणत १९९४ साली कैद्यांचं अनुदान बंद केलं. एकूण रकमेत कैद्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. म्हणजे काकूंसारख्यांच्या पाटल्या काही सुटल्या नाहीत, तुरुंगातले वर्ग तेवढे एकामागून एक उठले. २०१३ साली रँड या संस्थेनं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा आत शिकलेल्यांची पुन्हा तुरुंगात येण्याची शक्यता न शिकलेल्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी दिसली. (शिकायला येणारे मुळातच सुधारायच्या वाटेवर असतात, असंही कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. मग निदान त्यांची वाट तरी अडवू नये.) शेवटी २०२०च्या डिसेंबरात तिथल्या संसदेनं ती बंदी उठवली आणि जुलै २०२३ पासून अनुदान पुन्हा सुरू झालं. एका वाक्यानं झालेलं नुकसान भरायला जवळजवळ तीन दशकं गेली.

गंमत म्हणजे, त्याच १९९४ साली आपल्याकडे दिल्लीच्या तिहार तुरुंगात इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, अभ्यासकेंद्र उघडलं. श्रीमंत देश दार लावत होता तेव्हा आपण उघडत होतो. आता आपणच ते लावतोय, आणि तेही कुणी "लावा" म्हटलेलं नसताना. एक संगणकप्रणाली बदलली आणि दार लागलं. वाईट हेतूनं कुणी हे केलं असेल असं मला वाटत नाही. आतल्या माणसांची आठवणच झाली नसावी, आणि माझी तक्रार नेमकी त्याबद्दल आहे.

तर तक्रारी.

सगळ्यात आधी मोबाइल. प्रवेशाच्या अर्जात मोबाइल नंबर लागतो, त्यावर ओटीपी येतो. मग आधारला जोडलेला नंबर, त्यावर आणखी एक ओटीपी. मग ईमेल, डिजिलॉकर, एबीसी आयडी (शिक्षणाचे श्रेयांक जमा होतात त्या खात्याचा क्रमांक). आतल्या माणसाजवळ मोबाइल सापडला तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो, आणि मोबाइल नसला तर त्याला प्रवेश मिळत नाही. त्यानं करायचं तरी काय? घरच्यांनी भरावा म्हणता, तर घरचे म्हणजे कोण? कुणाची आई निरक्षर आहे, कुणाच्या बायकोनं दुसरं लग्न केलंय, कुणाचा आधारचा नंबर अटकेच्या दिवशी जप्त झालेल्या फोनमधला आहे आणि तो फोन अजून मुद्देमालात पडलाय. गुरुजींनी स्वतःचा नंबर टाकून पाहिला. एका नंबरवर एकच अर्ज, असं संगणकानं सांगितलं. आमच्या वेळी फॉर्म कागदाचा होता. आठ चुका व्हायच्या, खाडाखोड व्हायची, पण तो हातानं भरून हातानं देता यायचा.

मग पुस्तकं. आता ती पीडीएफमध्ये मिळतात, छापील संच नाही. बराकीत पीडीएफ कशावर उघडायची? मी तिसऱ्या वर्षाच्या त्या फाइली मिळवल्या, दुकानात दोन्ही बाजूंनी छापल्या, फर्मे दोऱ्यानं शिवले, खळ लावून पुठ्ठा बांधणी केली आणि पाठीवर विषयांची नावंही घातली. आयुष्यात केलेल्या चांगल्या कामांत मी ते धरतो. सुट्टी काढून एसटीनं गेलो. गेटवरच्या शिपायानं पुस्तक हातात घेऊन कौतुकानं उलटसुलट केलं आणि परत दिलं. पुठ्ठ्याची पुस्तकं आत जात नाहीत, पुठ्ठ्यात काहीही लपवता येतं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण छापील पुस्तकं विद्यापीठाकडूनच आली असती, तर त्याला आणि मला ही वेळ आली नसती. शिवाय जे माझ्यासारख्या बाइंडरला जमलं नाही ते कुणाच्या म्हाताऱ्या बापाला कसं जमावं?

रविवारचे वर्गही गेले. ऑनलाइन व्याख्यानं उपलब्ध आहेत, असं परिपत्रकात म्हटल्याचं कळतं. मी ऑनलाइनच्या विरोधात नाही. २०२३ साली केरळ उच्च न्यायालयानं खुनाच्या गुन्ह्यातल्या दोन कैद्यांना कारागृहातूनच ऑनलाइन कायद्याचं शिक्षण घ्यायला परवानगी दिली. पण त्यासाठी कारागृहानं जोडणी द्यायची आणि कॉलेजनं वर्ग, असं ते होतं. आपल्याकडेही कोर्टाच्या तारखा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, होतात, त्यासाठी खोली आहे, पडदा आहे, जोडणी आहे. रविवारी कोर्ट बंद असतं, तेव्हा ती खोली काय करते?

बदलीबद्दल एक प्रसंग सांगतो आणि पुढे जातो. आमच्या नऊ जणांतल्या एकाला परीक्षेच्या दोन दिवस आधी दुसऱ्या कारागृहात हलवलं. गर्दी झाली होती, कुणाला तरी हलवायचंच होतं. हॉलतिकीट इकडे, माणूस तिकडे, आणि तिकडे केंद्रच नाही. त्याचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी त्यानं फॉर्म भरला नाही. तो वारली होता, त्याच्या पाड्यातला पहिला पदवीधर झाला असता.

कच्च्या कैद्यांचं मी वर लिहिलंच आहे, पण ते माझ्यापुरतं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची २०२२ची आकडेवारी पाहा: देशभरच्या कारागृहांत ५,७३,२२० माणसं, त्यांतली ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी. चारातले तीन. त्यांच्यावर काहीही सिद्ध झालेलं नाही आणि त्यांना मजुरीही सक्तीची नाही, म्हणजे दिवसच्या दिवस रिकामे. आणि आमच्याकडे अभ्यासकेंद्रात नाव घालायचा विषय निघाला की पहिला प्रश्न, "शिक्षा लागली का?" म्हणजे आधी गुन्हेगार ठरून ये, मग शिकवतो.

बाकीचं थोडक्यात. वर्गाची वेळ आणि कारखान्याची वेळ एकच, त्यामुळे वर्गात बसलं की त्या दिवसाची मजुरी जाते. घरी मनीऑर्डर करणारा माणूस मग वर्ग सोडतो. महिला विभागाचं पदवीचं केंद्र नावापुरतं होतं, तिथे आमचे सर कधी पोहोचलेच नाहीत. माझ्या गुणपत्रिकेवर केंद्राच्या नावात "कारागृह" हा शब्द छापलेला आहे. खराडीच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो, तिथल्या बाईंनी तो शब्द वाचला, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि "कळवतो" म्हणाल्या. माझा गुन्हा लपवावा असं मी म्हणत नाही. चारित्र्य पडताळणी आहे, कोर्टाची नोंद आहे, त्यात तो आहेच. इतिहासाच्या पेपरात मिळालेल्या ५८ गुणांना कशाला शिक्षा? आणि माफीचं. २०२२ साली नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात शिक्षण पूर्ण केलेल्या बंद्यांना तीन महिन्यांची विशेष माफी मिळाल्याचं वाचलं. फार आनंद झाला. पण असं काही मिळू शकतं हे आमच्या बराकीत कुणालाच माहीत नव्हतं. फलकावर कँटीनचे दर असायचे, हे नसायचं.

कारागृहातल्या शिक्षणाचा कार्यक्रम असला की भाषणात टिळक येतात, गांधीजी येतात, ज्याच्याखाली पुणे करार झाला असं सांगतात तो येरवड्याचा आंबा येतो. मीही टाळ्या वाजवल्यात. पण ते शिकून आत गेले होते. आम्ही आत जाऊन शिकलो, आमची गोष्ट निराळी आहे. मला विचाराल तर धुळ्याचं उदाहरण घ्या. १९३२ साली तिथल्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलायचे, समोर सोबतचे कैदी बसायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. म्हणजे रविवारचा वर्ग. आमच्याकडे लाल पेनवाले सर यायचे तोही रविवारच. इंग्रज सरकारला तो वर्ग चालू द्यायला जमलं.

आणखी एक उदाहरण आहे, ते मात्र कुठल्या भाषणात ऐकलं नाही. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयात एका खटल्याचा निकाल लागला: महाराष्ट्र शासन विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी. संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी मराठीत विज्ञानाचं एक पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्या, अशी त्यांनी परवानगी मागितली. सरकारनं नाही म्हटलं. पुस्तकात राजकारण नव्हतं, अणू होता. तरी सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं, की स्थानबद्धाला असा हक्क अटींत कुठे दिलाय? न्यायालयानं ते मानलं नाही. जे निर्बंध अटींत नाहीत ते सरकारनं आपल्या मनानं लादायचे नाहीत, असा त्या निकालाचा अर्थ. आणि अलीकडचं: २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयानं तळोजा कारागृहातल्या एका न्यायाधीन बंद्याला कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायची परवानगी दिली. रीतसर जागा मिळालेली असताना प्रवेश नाकारणं हा मूलभूत हक्काचा भंग ठरेल, असं न्यायालयानं म्हटलं.

माझ्या निकालाची ६१ पानं मी दोनदा वाचली आहेत. त्यात सक्तमजुरी लिहिली होती, दंड लिहिला होता. शिकू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. आज त्या केंद्रातल्या मुलांना ती शिक्षा एका ओटीपीनं दिली आहे.

म्हणून मागण्या अशा आहेत. कारागृहातल्या विद्यार्थ्यांचे अर्ज कागदावर घ्या, किंवा अधीक्षकांच्या कार्यालयाला एक लॉगिन द्या आणि ओटीपीऐवजी त्यांची सही व शिक्का चालेल असा आदेश काढा. या वर्षी ज्यांचे अर्ज राहिले त्यांना मुदत वाढवून द्या, हे लगेच करा, बाकीचं महिन्याभरानं केलंत तरी चालेल. छापील पुस्तकांचा संच सत्र सुरू होण्याआधी विद्यापीठानं थेट कारागृहाला पाठवावा, पुठ्ठ्याशिवाय. रविवारी व्हीसीची खोली वर्गासाठी उघडा, आणि शक्य तिथे हाडामांसाचा शिक्षकही येऊ द्या. शिक्षणाची नोंद कैद्याच्या फाइलीसोबत जावी. परीक्षेच्या महिन्यात बदली टाळावी, करावीच लागली तर हॉलतिकीट माणसासोबत जावं. मध्येच सुटका झाली तर त्याच नोंदणी क्रमांकावर बाहेरच्या केंद्रात पुढे शिकता यावं. मंडेला नियमांत, म्हणजे कैद्यांच्या वागणुकीबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या नियमावलीत, हेच म्हटलंय: आतलं शिक्षण देशाच्या शिक्षणपद्धतीशी असं जोडलेलं असावं की सुटल्यावर ते विनासायास चालू राहावं. न्यायाधीन बंद्यांना आणि महिलांना त्याच अटींवर प्रवेश द्या. वर्गाचे तास मजुरीच्या तासांत धरा. गुणपत्रिकेवर केंद्राचा नुसता क्रमांक छापा. आणि माफीचा नियम कँटीनच्या दरांशेजारी मराठीत लावा.

पुण्यातल्या प्राचार्यांना एक वेगळी विनंती. आपलं शहर विद्येचं माहेरघर म्हणवतं. लेक सासरी अडचणीत असली तर माहेरचा माणूस निदान चौकशीला जातो. आपल्याकडे निवृत्त प्राध्यापक आहेत, एनएसएसची मुलं आहेत, वर्षाअखेर रद्दीत जाणारी पाठ्यपुस्तकं आहेत. महिन्यातून एक रविवार जवळच्या कारागृहासाठी ठेवता आला तर पाहा. आमच्याकडे येणाऱ्या सरांना किती मानधन मिळायचं मला माहीत नाही. पण शेवटच्या वर्षी त्यांची स्कूटर बंद पडली होती आणि ते गेटपर्यंत चालत यायचे.

माझ्या मित्राच्या तीन पेपरांची पुस्तकं दुकानात तयार आहेत. त्यांचे पुठ्ठे मी स्वतः काढले. स्टेपलची पिनही चालत नाही असं शिपायानं सांगितलं होतं, म्हणून नुसती दोऱ्याची शिलाई ठेवली आहे, वर साध्या कागदाचं वेष्टण. एकूण अकराशे पानं, कुठेही धातू नाही. दर सोमवारी आमचं दुकान बंद असतं. कोणत्या सोमवारी, किती वाजता आणि कुणाच्या नावानं गेटवर द्यायची, एवढं कळवावं.

आपला,
एक माजी बंदी, बीए, एमए
जेल रोड, येरवडा, पुणे